एका सभागृहाची सुरक्षित चाचणी

नागपूरच्या लकडगंजातल्या समन्वय सभागृहाच्या कार्यालयात एक संगणक होता आणि तो व्यवस्थित चालत होता. तारीख विचारली की तारीख दाखवी, बुकिंग केलं की पावती देई, आणि कूलरशेजारी ठेवला की मे महिन्यातही तापत नसे. एखादी गोष्ट इतकी बिनतक्रार चालू आहे, हे सभागृह चालवणाऱ्या मंडळाच्या नजरेतून फार काळ सुटणं शक्य नव्हतं. रामदासपेठेतल्या मुख्यालयातून परिपत्रक आलंच. त्यात म्हटलं होतं की, संगणकाची नवी कार्यप्रणाली अद्याप पूर्ण तयार झालेली नाही; सबब मंडळाच्या सर्व सभागृहांनी ती सध्याच्या कार्यप्रणालीसोबत, चालू कामात व्यत्यय न आणता, सुरक्षितपणे वापरून पाहावी आणि ती यशस्वी झाल्याचा अहवाल विनाविलंब सादर करावा.

वरिष्ठ लिपिक नत्थूजी गिरडे यांना त्या सगळ्या मजकुरात 'सुरक्षितपणे' हा शब्द फार आवडला. त्यांची आख्खी नोकरी त्याच शब्दावर उभी होती. नत्थूजींच्या हातून कधी चूक झाली नाही, कारण त्यांच्या हातून कधी काही झालंच नाही, असं त्यांचे विरोधक म्हणत. नत्थूजी याला अनुभव म्हणत. अलीकडच्या काळात त्यांनी स्वतःहून केलेली कृती एकच. मुलीचं, काजलचं, लग्न सौरवशी ठरलं त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी वैशाखातला एक रविवार काजलच्या नावाने संगणकात टाकून घेतला. त्या मोसमात नागपुरात नवरदेव मिळतो, हॉल मिळत नाही. पत्रिका छापून झाल्या, सावजी स्वयंपाकाचा आचारी ठरला, आणि नत्थूजी निश्चिंत झाले.

मुख्यालयाने नेमलेल्या कंपनीकडून मयुरा ढोबळे नावाची इंजिनिअर नवी कार्यप्रणाली बसवायला आली. काम जाणणारी बाई होती, त्यामुळे आल्या आल्या तिने खुर्ची मागितली, चहा नाकारला आणि सरळ बोलायला लागली.

"दोन्ही सिस्टीम याच मशीनमध्ये राहतील. डिस्कचे दोन भाग करते, मधात भिंत. इकडचं तिकडे दिसणार नाही, तिकडचं इकडे नाही. नवीमध्ये काही गडबड झाली तर जुनीला धक्का लागत नाही."

"म्हणजे भाऊ वेगळे निघाले, पण घर एकच," नत्थूजी म्हणाले.

"तसंच समजा. मशीन सुरू केलं की ते विचारेल, कोणती सुरू करू? तुम्ही सांगायचं. आणि काका, एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. नवी अजून बीटा आहे. बीटा म्हणजे कच्ची. महत्त्वाचं काम तिच्यात अजिबात करू नका. आधी मी बॅकअप घेते, म्हणजे सगळ्या बुकिंगची एक प्रत बाहेर राहील."

बॅकअप एका पेन ड्राइव्हवर घेतला गेला. तो नत्थूजी खिशात टाकणार तोच अधीक्षक पौनीकर मॅडम यांनी हात पुढे केला. कौशल्या पौनीकर या बाई स्वतःची सहीसुद्धा कुलपात ठेवतील, अशी त्यांची ख्याती होती.

"बॅकअप सुरक्षित पाहिजे," मॅडम म्हणाल्या. पेन ड्राइव्ह पाकिटात गेला. पाकिटावर लाख आली, लाखेवर मोहोर आली, आणि 'आणीबाणीशिवाय उघडू नये' असं लिहून पाकीट लोखंडी कपाटात गेलं.

"मॅडम, तो हाताशी राहिला तर बरं असते," मयुरा म्हणाली.

"हाताशी राहिला तर सुरक्षित कसा राहील?"

या प्रश्नाला संगणकशास्त्रात उत्तर नाही. मयुरा पुढच्या सभागृहाकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक सुरू झाला आणि त्याने विचारलं, कोणती सुरू करू? नत्थूजी दचकले. इतक्या वर्षांच्या सेवेत कार्यालयातल्या कोणत्याही वस्तूने त्यांना काही विचारलं नव्हतं. त्यांनी 'आदेशार्थ सादर' अशी टिप्पणी लिहून मॅडमकडे नेली.

मॅडमनी डोळे मिटून विचार केला. "ती पोरगी काय बोलली? महत्त्वाचं काम नवीत करू नका. म्हणजे बिनमहत्त्वाचं करा."

"बरोबर, मॅडम. पण बिनमहत्त्वाचं कोणतं?"

"मान्यवरांचं कार्य आलं, तर महत्त्वाचं. कर्मचाऱ्यांचं घरचं असलं, तर महत्त्वाचं. बाकी मग उरलं कोण?"

"जनता," नत्थूजी म्हणाले.

"झालं तर!"

अशा रीतीने धोरण ठरलं. खिडकीशी कोणी आलं की नत्थूजी आधी त्याचा चेहरा पाहत, मग चपला पाहत, मग शक्य असल्यास गाडी पाहत, आणि त्यानुसार संगणक बंद करून जुन्या किंवा नव्या प्रणालीत सुरू करत. नव्या प्रणालीत वर्षातले सगळे दिवस मोकळे दिसत. जनतेला हा बदल फार आवडला. जिथे महिनोन्‌महिने तारीख मिळत नसे, तिथे हवी ती तारीख हसतमुखाने मिळू लागली. लोक पेढे देऊन जात. नत्थूजी ते जुन्या प्रणालीतच खात, म्हणजे महत्त्वाचं काम समजून.

पहिली झळ जरीपटक्याच्या एका जोडप्याला लागली. ते बारशासाठी पाळणा, फुगे आणि दीडशे पाहुणे घेऊन आले, तेव्हा आत एका मान्यवरांच्या एकसष्टीची भाषणं चालली होती. बाळाचा बाप पावती नाचवत खिडकीवर आला.

"काय हो हे? पैसे घेतले, पावती देल्ली, आन् हॉल दुसऱ्याले?"

"भाऊ, शांत व्हा. तुमची पावती खरी आहे," नत्थूजी अत्यंत आदराने म्हणाले. "फक्त ती नव्या प्रणालीतली आहे. नव्या प्रणालीत हॉल आत्ता तुमचाच आहे."

"मंग आतमध्ये कोण बसून राहिलं?"

"ते जुन्या प्रणालीत बसले आहेत. मधात भिंत आहे. ते तुम्हाले दिसायले नाही पाहिजे."

"पण मले दिसून राहिले ना, बाप्पा!"

"हा अनुभव तुम्ही आम्हाला जरूर कळवा. चाचणी त्याच्यासाठीच असते. किती तारे द्याल?"

बाळाच्या बापाने जे दिलं ते ताऱ्यांत मोजण्यासारखं नव्हतं. बारसं सभागृहाच्या पार्किंगमध्ये, स्कूटरींच्या मधोमध झालं. त्याची अहवालात 'नागरिकांचा उत्स्फूर्त सहभाग' अशी नोंद झाली. दोष या रकान्यासमोर मॅडमनी 'निरंक' लिहायला सांगितलं. नत्थूजींना क्षणभर त्या पाळण्याची आठवण झाली.

"मॅडम, ते बारसं..."

"ते बिनमहत्त्वाच्या कामात मोडते ना?"

"मोडते."

"मंग त्यात दोष कसा महत्त्वाचा होईल?"

नत्थूजींना हे पटलं. त्यांच्या घरचं कार्य तर जुन्यात होतं.

अहवाल गेला. शहरातल्या सगळ्या सभागृहांत दोष नसलेली चाचणी फक्त समन्वय सभागृहात झाली, असं मुख्यालयाच्या ध्यानात आलं. बाकीच्या सभागृहांनी दोष शोधले होते आणि त्यामुळे ती मागे पडली होती. संचालक साहेबांनी ठरवलं की या यशाचा जाहीर सोहळा करायचा, नत्थूजी गिरडे यांचा सत्कार करायचा, आणि तो समन्वय सभागृहातच करायचा. सोहळ्याचं बुकिंग अर्थातच नव्या प्रणालीत व्हायला हवं होतं. ज्या प्रणालीचा गौरव करायचा, तिच्याच बाहेर गौरवाची तारीख टाकली तर लोक काय म्हणतील?

मॅडमनी स्वतः नत्थूजींच्या खांद्यामागे उभं राहून नवी प्रणाली सुरू करायला लावली. "साहेब रविवार म्हणाले. वैशाखातला. मोकळा आहे का पाहा."

रविवार मोकळा होता. पांढराशुभ्र. नत्थूजींनी कीबोर्डवरची बोटं उचलली.

"मॅडम, हा रविवार नाही जमत. या रविवारी काजलचं लग्न आहे."

"कोणत्या प्रणालीत?"

"जुन्या."

"आन् आपण उघडली कोणती?"

"नवी."

"नव्यात तुमच्या मुलीचं लग्न आहे का?"

नत्थूजींनी पडद्याकडे पाहिलं. नव्यात त्यांच्या मुलीचं लग्न नव्हतं. नियमाने पाहता नव्यात त्यांना मुलगीच नव्हती. त्यांनी रविवार भरला आणि संगणकाने त्यांना पावती दिली. तिच्यावर अभिनंदन असं छापलेलं होतं.

घरी गेल्यावर त्यांनी ही बातमी बायकोला, भागीरथाबाईंना, सत्काराच्या बाजूने सांगितली.

"माहा सत्कार आहे वं. संचालक साहेब शाल देणार."

"बरं झालं. कधी?"

नत्थूजींनी पाणी मागितलं.

"अहो, कधी?"

"काजलच्या लग्नाच्या दिवशी. त्याच हॉलमध्ये. पण घाबरायचं काम नाही, दोन्हीच्या मधात भिंत राहते."

भागीरथाबाईंच्या हातात लाटणं होतं. त्यांनी ते बाजूला ठेवलं, हे त्यांच्या संसारातलं फार वाईट लक्षण समजलं जाई. "तुमी इतके वर्ष त्या ऑफिसात करून काय राहिले? पोरीच्या लग्नाचा एक हॉल, तो बी दुसऱ्याले देल्ला?"

"दुसऱ्याले नाही, मलेच देल्ला. सत्कार माहाच आहे."

काजल आतून आली. तिने सगळं ऐकलं होतं. ती एका शाळेत गणित शिकवत असे, त्यामुळे तिला रडण्याआधी प्रश्न पडत. "बाबा, साहेबाले सरळ सांगून द्या ना. हॉल आधीपासून बुक आहे, चूक झाली."

"चूक कशी म्हणू, बेटा? दोष निरंक लिहून पाठवलं मी. सहीनिशी."

"काहून पाठवलं?"

"सुरक्षित वाटलं."

काजलने छापलेली पत्रिका उचलून बापासमोर धरली. "मले दुसरा हॉल नाही पाहिजे. सौरवकडच्या लोकांले सगळ्यांले पत्ता गेला. लग्न तिथंच होईल. तुमचं तुमी पाहा."

नत्थूजींनी मयुराला फोन लावला. तिने ऐकून घेतलं आणि सोपा उपाय सांगितला.

"अहो काका, जुन्या सगळ्या तारखा त्या बॅकअपमध्ये आहेत. पेन ड्राइव्ह लावा, तारखा नवीमध्ये आणा, तिथेही रविवार भरलेला दिसेल. चहा थंड व्हायच्या आत होऊन जाईल."

नत्थूजी उत्साहाने मॅडमकडे गेले. मॅडमनी कपाट उघडलं, पाकीट काढलं आणि त्यावरचा मजकूर वाचून दाखवला.

"आणीबाणीशिवाय उघडू नये. आणीबाणी आहे का?"

"आहे ना, मॅडम."

"आणीबाणी आहे असं लिहून द्या. मग चाचणीत आणीबाणी आली असं होईल. मग दोष निरंक हे खोटं ठरेल. मग सत्कार रद्द, आन् खोटा अहवाल देल्ला म्हणून तुमची चौकशी. सही तुमचीच आहे." त्यांनी पाकीट उलटंसुलटं पाहिलं. "लाख मात्र छान बसली होती, नाही?"

पाकीट परत कपाटात गेलं. त्यातला काजलचा रविवार पूर्वी कधी नव्हता इतका सुरक्षित झाला.

आता जे शिल्लक होतं तेही मॅडमनाच सुचलं. डिस्क एक असून तिचे दोन भाग होतात, तर हॉल एक असून का होऊ नयेत? मंडपवाल्याकडून हिरवी कनात आणून सभागृहाच्या मधोमध, दरवाजापासून थेट मंचाच्या मागच्या भिंतीपर्यंत लावायचं ठरलं. डावीकडे लग्न, उजवीकडे सोहळा. इकडचं तिकडे दिसणार नाही. वाटणीत कूलर सगळे उजवीकडे गेले आणि स्वयंपाकघर सगळं डावीकडे गेलं. माइकची वाटणी करायचं कोणाला सुचलं नाही, कारण माइक एकच होता.

रविवार उजाडला. नागपूरचं ऊन सभागृहाच्या पत्र्यावर काम करू लागलं. दारात वऱ्हाडी आणि अधिकारी एकाच वेळी पोहोचले. सुगंधी पाणी शिंपडणाऱ्या मुलींना डावं-उजवं कळेना, म्हणून त्यांनी सगळ्यांवरच शिंपडलं. लग्नाला आलेली जाणती मंडळी थोडा वेळ डावीकडे घाम पुसत बसली आणि मग कूलर पाहून उजवीकडे सरकली. सोहळ्याला आलेले अधिकारी थोडा वेळ उजवीकडे बसले आणि मग सावजी रश्शाचा वास घेऊन डावीकडे सरकले. घटकाभरात असं झालं की सत्काराला सगळे वऱ्हाडी बसले होते आणि लग्नाला सगळं मुख्यालय.

नत्थूजी कनातीच्या बरोबर खाली उभे होते. एक पाय डावीकडे, एक उजवीकडे. डोक्याला फेटा बांधला होता, तो दोन्हीकडे चालण्यासारखा होता.

मुहूर्त आला आणि संचालक साहेबही उठले. डावीकडे अंतरपाट धरला गेला, उजवीकडे स्वागत झालं. माइक भटजींच्या हातात होता तो पौनीकर मॅडमनी कनातीखालून हात घालून ओढून घेतला. भटजींनी मंगलाष्टकाच्या पुढच्या कडव्यासाठी तो परत ओढला. मग तसंच चालू राहिलं.

"मित्रहो, ही नवी प्रणाली पूर्णपणे सुरक्षित असून," संचालक साहेब म्हणाले.

"सावधान!" भटजी म्हणाले.

साहेब थांबले. मॅडमनी माइक परत आणला. "कोणत्याही नागरिकाला अणुमात्र त्रास न होता," साहेबांनी पुन्हा सुरुवात केली.

"सावधान!"

उजवीकडे बसलेल्या वऱ्हाड्यांनी सवयीने साहेबांवर अक्षता टाकल्या. साहेबांना इतका उत्स्फूर्त प्रतिसाद कधी मिळाला नव्हता. ते भारावले आणि त्यांनी भाषण आवरून सत्कारमूर्तींना मंचावर बोलावलं. नेमकं त्याच वेळी डावीकडून भागीरथाबाईंचा आवाज आला, "काजलच्या बाबांले पाठवा हो, कन्यादान खोळंबलं!"

नत्थूजी मंचाच्या पायरीवर थबकले. उजवीकडे साहेब शाल उघडून उभे होते. डावीकडे, कनातीच्या फटीतून, काजल दिसत होती. हळदीचा चेहरा, मुंडावळ्या, आणि नजर सरळ बापाकडे. आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही बाजूंनी त्यांना एकच गोष्ट विचारली जात होती, इकडे की तिकडे, आणि तिचं उत्तर त्यांच्याशिवाय दुसरं कोणी देऊ शकत नव्हतं.

नत्थूजींनी पौनीकर मॅडमकडे पाहिलं.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "इकडं राहू का तिकडं जाऊ? तसा आदेश मिळाला असता, तर..."

मॅडमनाही हा प्रश्न त्यांच्या अधिकारकक्षेबाहेरचा वाटला. त्यांनी संचालक साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी स्वीय सहायकाकडे पाहिलं. स्वीय सहायकाने फोन काढला.

"बाबा, तुमी राहू द्या," काजल म्हणाली.

तिने पदर खोचला, कनातीची दोरी खुंटीवरून सोडली आणि दोन्ही हातांनी ओढली. हिरवी कनात दरवाजापासून मंचापर्यंत सरसरत खाली आली. त्या इमारतीत आदेशाशिवाय झालेलं ते पहिलंच काम. कनातीखाली पुढची रांग गुरफटली आणि खालून अनेकांनी टाळ्या वाजवल्या, बहुधा बाहेर काढा म्हणून.

आता सगळा हॉल एक झाला होता. मंचावर नवरदेव होता, त्याच्या शेजारी हातात शाल उघडून संचालक साहेब होते, आणि फोटोग्राफर ओरडला, "साहेब, आता थांबू नका, टाका!" साहेबांनी शाल सौरवच्या खांद्यावर टाकली. काजलने बापाचा हात धरून त्याला पायरीवरून अक्षरशः उचलून नवरदेवासमोर आणलं. भटजींच्या हातात माइक पहिल्यांदाच कोणी न ओढता राहिला. कन्यादान झालं. मुलीचा हात दुसऱ्याच्या हातात देताना नत्थूजींचे डोळे भरून आले. तेवढ्या एका कामाला त्यांनी कोणाची मंजुरी मागितली नाही. मात्र ते झाल्या झाल्या त्यांनी वळून मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान डोलावली.

काजलला तिचा हॉल मिळाला, एवढं खरं. बाकीचं मुख्यालयाने पाहून घेतलं. संचालक साहेबांनी जेवण झाल्यावर तिथंच सांगितलं की एका जागी, एका वेळी, दोन भिन्न कार्यं सोबत चालू शकतात हे आज प्रत्यक्ष सिद्ध झालं आहे, आणि आठवड्याच्या आत नवं परिपत्रक निघालं. त्यानुसार यापुढे मंडळाच्या प्रत्येक सभागृहात प्रत्येक तारखेला दोन बुकिंग घेणं बंधनकारक आहे. नत्थूजींना इतर सभागृहांच्या लिपिकांना शिकवण्यासाठी नेमण्यात आलं. मयुरा ढोबळे हिने चाचणीत दोष असल्याचं लेखी कळवलं, ते पत्र सुरक्षित ठेवण्यात आलं आहे.

त्या दिवशीचा फोटो मुख्यालयाच्या दर्शनी भिंतीवर मोठा करून लावला आहे. त्यात नवरा-नवरी आहेत, साहेब आहेत, आणि मागे टाळ्या वाजवणारा तुडुंब हॉल आहे. शेवटच्या रांगेत, कूलरसमोर, एका हातात जिलेबीची प्लेट धरून दुसऱ्या हाताने प्लेटवरच ताल देणारे तुम्ही आहात. नाही म्हणू नका, चेहरा स्पष्ट आलाय. तुम्ही वधूकडून आला होतात, वराकडून की मुख्यालयाकडून, हे जेवताना कोणी विचारलं नाही. आता अहवालात एकच रकाना भरायचा राहिला आहे: उपस्थितांनी टाळ्या कशासाठी वाजवल्या? आठवत असेल तर कळवा. नसेल आठवत, तर मुख्यालयाने तुमच्या नावासमोर स्वतःहूनच लिहिलं आहे, 'पूर्ण समाधानी'.